मोटार विहिरीतून काढण्याआधी

घरातली एखादी वस्तू बिघडली की तिच्याबरोबर घरातली माणसेही थोडी बिघडतात, असा माझा आजवरचा अनुभव आहे. विहिरीवरची मोटार बंद पडली की त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडते, पोरांना विनाकारण बोलणी बसतात आणि म्हातारी आई जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसते. २०२५ सालच्या एप्रिल महिन्यात आमच्या घरी असाच प्रसंग आला. फरक एवढाच की या वेळी बिघाड मोटारीत नव्हता, थोरल्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये होता. निदान आम्ही तसे समजत होतो. आता पुष्कळ शेतकरी घरांत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी लॅपटॉप आलेला आहे. म्हणून झालेली फजिती न लपवता लिहितो. कुणाचे चार पैसे वाचले तर बरेच आहे.

आमचे गाव चिखली तालुक्यातले. जमीन सात एकर. खरिपात सोयाबीन आणि तूर, विहिरीने साथ दिली तर रब्बीत हरभरा. मुलगी अमरावतीला स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. साधा लॅपटॉप चालणार नाही, ग्राफिक्स कार्ड असलेलाच लागेल, असे तिने सांगितले. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण माझ्या मालाला बाजारात ४,१०० रुपयेच मिळाले. लॅपटॉप पडला ७२,००० रुपयांना. म्हणजे साडेसतरा क्विंटल सोयाबीन त्या पाटीएवढ्या डब्यात गेले. शहाण्या माणसाने असा हिशेब करू नये. पण शेतकऱ्याच्या डोक्यात कोणत्याही वस्तूची किंमत क्विंटलमध्येच उमटते, त्याला इलाज नाही.

तिने प्रकल्प घेतला होता तो आपल्याच जिल्ह्यातला. सिंदखेडराजा म्हणजे जिजाऊ माँसाहेबांचे जन्मगाव. दर १२ जानेवारीला तिथे माणसांचा पूर लोटतो. राजवाडा सगळे पाहतात, पण मोती तलाव आणि पुतळा बारव यांच्याकडे त्या मानाने थोड्यांचे पाय वळतात. बारव म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर. कोरीव मूर्तींमुळे हिचे नाव पुतळा बारव पडले. मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी फेब्रुवारीत तिथे जाऊन चारी बाजूंनी ४१२ फोटो काढले. प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोचा अर्ध्याहून जास्त भाग पुन्हा यायला हवा, असा त्यातला नियम. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला गेले की अंतर चुकते, दोन डोळ्यांनी ते जमते. तसाच संगणक एकच दगड अनेक फोटोंत हुडकतो आणि तो किती लांब, किती खोल आहे हे काढतो. शेवटी सबंध बारव पडद्यावर उभी राहते. ती फिरवून पाहता येते, पायरीची उंची मोजता येते. पुढेमागे एखादा दगड ढासळलाच तर तो कुठे बसवायचा, हे त्यावरून सांगता येते.

एप्रिलच्या मध्याला पोर हे काम घेऊन घरी आली. २८ तारखेला प्रकल्प द्यायचा होता. ओसरीत टेबल मांडले, फोटो घातले, काम सुरू केले. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला आणि डबा इतका तापला की वर पापड भाजावा. रात्रभरात काम शेकडा ३ पुढे सरकले. सकाळी लाइट गेली, बॅटरी संपली, झालेले तेवढेही पाण्यात गेले. तिच्या मैत्रिणीकडे याच बेताचा लॅपटॉप होता. तशाच एका कामाला तिथे पाच तास लागले होते. इथे पडद्यावर मात्र एकच निरोप पुन्हा पुन्हा येई, की कामाचे ग्राफिक्स कार्ड सापडत नाही.

आमच्या सौ. पोहे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "कार्ड म्हंजे ते एटीएमचं का व?"

पोर त्या स्थितीतही हसली आणि तिने आईला समजेल असे सांगितले. तेव्हा मलाही पहिल्यांदा समजले. संगणकात एक प्रोसेसर असतो. तो कुटुंबातल्या कर्त्या माणसासारखा. बियाणे आणतो, हिशेब करतो, पाहुणे सांभाळतो; कामे नाना प्रकारची, पण करणारे हात थोडे. ग्राफिक्सचे काम तसे नसते. ते निंदणासारखे असते. पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. चित्र हलायचे तर सेकंदाला साठ वेळा प्रत्येकाचा रंग ठरवावा लागतो. काम सोपे, पण रान मोठे. तिथे एकट्या हुशार माणसाचा उपयोग नाही. तिथे टोळी हवी, आणि प्रत्येकीने आपापली पाथ धरून एकदम पुढे सरकायला हवे. वेगळ्या ग्राफिक्स कार्डात असे शेकडो-हजारो लहान हात असतात आणि त्यांची स्वतःची स्मरणशक्तीही असते.

"मग आपल्या डब्यात टोळी नाई का?" सौ.ने विचारले.

"आहे ना आई. दोन सोयी आहेत. एक प्रोसेसरच्या पोटातच असते, ती म्हणजे घरच्या दोघी जणी. पत्र लिहायचं, सिनेमा पाहायचा, एवढ्याला त्या पुरतात, अन् बॅटरीही कमी खातात. दुसरं वेगळं कार्ड, ती चाळीस बायांची टोळी. तिला रोज जास्त लागतो, म्हणून लहान कामाला बोलवत नाहीत. पण आपली टोळी मोठ्या कामालाही येत नाही. सगळं रान घरच्या दोघीच निंदत आहेत."

पुष्कळ हातांनी एकदम काम करण्याची ही कल्पना आपल्या मुलखाला नवी नाही, हेही तिनेच सांगितले. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. एकच अवाढव्य प्रोसेसर घेण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर एका कामाला जुंपायचे, हेच त्याचे सूत्र होते. तीच रीत आज वेगळ्या रूपात मुलांच्या दप्तरात आली आहे.

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला मात्र संताप. साडेसतरा क्विंटल सोयाबीन देऊन आणलेली टोळी कामाला येत नाही म्हणजे काय? मी तिच्यावरच घसरलो. "तूच काही गेम-बीम टाकला असशील. नाहीतर होस्टेलात कुणाच्या हातात दिला असशील."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने खाली मान घालून म्हणाली, "बाबा, नोकरी लागली की पहिले तुमचे ७२,००० देईन."

वाचकहो, मुलाने उलट उत्तर दिले तर बापाला राग येतो. पण मुलीने असा हिशेब मांडला की बापाला जेवण जात नाही. तरी मी त्या वेळी माघार घेतली नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन दोघे शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने पाच मिनिटे बटणे दाबून पाहिली आणि सांगितले, "कार्ड दिसतच नाही. आतला बोर्ड गेला. २२,००० लागतील, दोन दिवसांत देतो." लॅपटॉपला वर्षाची वॉरंटी होती. पण ज्या दुकानातून घेतला तिथे फोन केला तर कळले की कंपनीकडे पाठवून परत यायला वीस दिवस तरी लागतील. इकडे मुदतीला उरले होते दहा दिवस.

लॅपटॉप तसाच परत आणला आणि संध्याकाळी ओसरीवर विचार सुरू झाला. हरभरा विकून झालेला. शेवटी गोठ्यातला दोन वर्षांचा गोऱ्हा येत्या बाजाराला न्यायचे ठरले. सौ. काही बोलल्या नाहीत, पण उठून गोठ्यात गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत.

एवढ्यात गावातले मोटार मिस्त्री दुरुस्त केलेला स्टार्टर घेऊन आले. घरात सुतक पडल्यासारखी शांतता पाहून त्यांनी विचारपूस केली. सगळे ऐकून घेतले, लॅपटॉप हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि खाली ठेवला.

"भाऊ, मले यातलं काई समजत नाई," ते म्हणाले. "पन दोन वर्साखालची गोष्ट आठवते का तुमाले? मोटार उठत नव्हती. मी बाहेरगावी व्हतो. तुमी घाई केली, मानसं लावून सत्तर फुटांवरून मोटार वर काढली, तीन हजार रुपये घातले. अन् निघालं काय? मोटार चांगली ठणठणीत! स्टार्टरमधलं एक वायर जळालं व्हतं."

ती गोष्ट मी विसरलो नव्हतो. विसरावी असे मात्र फार वाटे.

"बिघाड शोधाची रीत सगळीकडं एकच," मिस्त्री पुढे म्हणाले. "लाइट जिथून येते तिथून सुरू कराचं. आधी तिन्ही फेज आहेत का पाहा. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटार सगळ्यात शेवटी. मधातलं एकबी ठिकान सोडाचं नाई. अन् दोन गोष्टी विचाराच्या. एक, हे खराब हाये की बंद हाये? खराब अन् बंद, दोन येगळ्या गोष्टी. दुसरी, पयल्या दिवशी चालत व्हतं का? चालत असंल त त्याच्यानंतर कोन हात लावला?"

पोरीने वही काढली आणि मिस्त्रींची रीत लॅपटॉपला लावून एकाखाली एक ठिकाणे लिहू लागली. मी अंगणात खाट टाकून पडलो. पण "कोन हात लावला" हे शब्द डोक्यातून जाईनात. पडल्या पडल्या लॅपटॉप घेतला तो दिवस आठवला आणि मी उठून बसलो.

त्या दिवशी मुलगी काउंटरवर बिलाचे पाहत होती. दुकानातला एक पोरगा लॅपटॉप सुरू करून दाखवत होता. मी त्याला म्हणालो होतो, "आमच्या गावात लाइटीचा भरवसा नाही. बॅटरी जास्तीत जास्त टिकेल असं काहीतरी करून दे." त्याने कुठेतरी जाऊन एक बटण दाबले आणि म्हणाला, "काका, आता बॅटरी खूप टिकेल." मला आपल्या हुशारीचे कौतुक वाटले होते. ते मी घरी कुणाला सांगितलेही नव्हते.

रात्रभर झोप नाही. सांगावे तर मान खाली जाते. न सांगावे तर गोऱ्हा जातो, २२,००० जातात, आणि पोरीवर घेतलेला आळ तसाच राहतो. सकाळी चहाच्या वेळी मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सगळे सांगून टाकले. मला वाटले, रागावेल. ती फक्त म्हणाली, "बाबा, कोणतं बटण होतं ते? काही आठवतं?"

"नाव नाही आठवत. हिरव्या पानाचं चित्र होतं."

तिने लॅपटॉपबरोबर आलेला कंपनीचा स्वतःचा प्रोग्राम उघडला. त्यात 'इको' नावाची सोय होती आणि शेजारी हिरवे पान. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले होते की बॅटरी वाचवण्यासाठी या सोयीत वेगळे ग्राफिक्स कार्ड पूर्ण बंद राहते. म्हणजे टोळी आजारी नव्हती आणि पळालीही नव्हती. टोळीला बोलवायचेच नाही, असा हुकूम होता, आणि तो हुकूम माझा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय! लेखन आणि साध्या आकृत्या घरच्या दोघींवर निभावत होत्या, म्हणून इतके महिने कुणाच्या लक्षातही आले नाही.

'इको' काढून नेहमीची सोय लावली, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. 'डिव्हाइस मॅनेजर' म्हणून एक जागा असते, तिथे डब्यातल्या सगळ्या भागांची हजेरी लागते. तिथे 'डिस्प्ले अडॅप्टर' या ओळीखाली कालपर्यंत एकच नाव होते, आता दोन दिसली. मी टाळी वाजवली, पण पोरीने हात वर केला. दुसऱ्या नावावर पिवळे चिन्ह होते. म्हणजे कार्ड हजर आहे, पण त्याचा ड्रायव्हर नीट नाही. ड्रायव्हर हा टोळीचा मुकादम समजावा. मालकाचे म्हणणे टोळीच्या भाषेत तो सांगतो. तो नसला तर बाया बांधावर बसून राहतात.

नवा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवावा लागतो. तो कुठूनही घ्यायचा नाही, ज्यांनी लॅपटॉप किंवा कार्ड बनवले त्यांच्याच जागेवरून घ्यायचा. लॅपटॉपच्या बुडाला चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल नंबर पाहून नेमका त्याच नंबरचा घ्यायचा. आमच्या घरात मोबाइलची रेंज चुलीपर्यंतही येत नाही. पोर गच्चीवर छत्री धरून बसली. पाऊण जीबीच्या आसपासचा तो ड्रायव्हर दोनदा मधेच तुटला, तिसऱ्यांदा उतरला. पिवळे चिन्ह गेले.

तरीही काम सुरू केल्यावर पंख्याची घरघर तीच! मी पुन्हा अस्वस्थ झालो. ती मात्र वहीतली पुढची ओळ वाचत होती. टोळी आली, मुकादम आला, पण कोणत्या रानात जायचे हे सांगायला नको का? 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टीम', त्यात 'डिस्प्ले', त्यात 'ग्राफिक्स', अशी वाट आहे. तिथे प्रत्येक प्रोग्रामपुढे ठरवता येते की याला कमी वीज खाणारे कार्ड द्यायचे की जास्त ताकदीचे. तिने फोटोंच्या प्रोग्रामपुढे 'हाय परफॉर्मन्स' लिहिलेली खूण केली. लॅपटॉपचा मूळचा जड चार्जर लावला, कारण नुसत्या बॅटरीवर कार्ड पूर्ण ताकद लावत नाही. मग प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. 'टास्क मॅनेजर' नावाच्या जागेत दोन्ही कार्डे किती काम करतात ते आकड्यांत दिसते. दुसऱ्या कार्डापुढे इतके दिवस जागाच रिकामी होती. आता तिथला आकडा शून्यावरून चढत शेकडा ९४ वर गेला. टोळी रानात उतरली.

रात्री दहाला काम लावले. त्या रात्री लाइटही गेली नाही. पहाटे तीनच्या सुमारास पोरीने सगळ्यांना उठवले. पडद्यावर पुतळा बारव उभी होती. पायऱ्या, कोनाडे, मूर्ती, तळाकडचा काळोख, सगळे. पोर बोटाने ती फिरवत होती. आमच्या सौ.चे माहेर देऊळगाव राजाकडचे. लहानपणी आजीबरोबर त्या बारवेवर गेल्याचे त्यांना आठवत होते. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "एवढी मोठी हाये का ही? तवा काठावर उभं राहून काई समजलंच नाई."

प्रकल्प २८ तारखेला दिला गेला. त्यानंतरच्या दिवसांत गावात भेंडवळच्या घटमांडणीच्या भाकिताची चर्चा सुरू झाली आणि घरातले बोलणे पुन्हा पाऊसपाण्यावर आले. गोऱ्हा बाजाराला गेला नाही. त्या जूनमध्ये त्याला वखराला जुंपून शिकवायला सुरुवात केली.

दुरुस्तीवाला लबाड होता, असे मी म्हणणार नाही. कार्ड दिसत नाही, हे त्याने पाहिले ते खरेच होते. पण 'दिसत नाही' वरून 'जळाले' वर त्याने उडी मारली, आणि 'जळाले' वरून 'मुलीने जाळले' वर मी त्याच्याही आधी मारलेली होती. दोन्ही उड्यांत मधली ठिकाणे सुटली.

ज्यांच्या घरी असा लॅपटॉप आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. जास्त ताकदीचे कार्ड कामाला येत नसेल तर आधी मूळ चार्जर लावा. बॅटरी वाचवणारी एखादी सोय चालू आहे का ते पाहा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन कार्डांची हजेरी घ्या. पिवळे चिन्ह असेल तर योग्य ड्रायव्हर टाका. मग त्या कामाच्या प्रोग्रामला जास्त ताकदीचे कार्ड नेमून द्या. यातल्या एकाही पायरीला पैसा लागत नाही. एवढे करूनही कार्ड दिसले नाही तर बिघाड खरा समजावा. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर डबा बाहेर कुणाकडून उघडून घेऊ नये. तसे केल्यास वॉरंटी हातची जाऊ शकते.

पोरीने पैसे फेडण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. मी तिची माफी मागितली का, असे कुणी विचारील. शब्दांनी मागितली नाही, आमच्या पिढीला ते जमत नाही. त्या सकाळी मी जे सांगून टाकले तीच माफी, असे ती समजली असावी. मात्र घरात आता एक नवीन रीत पडली आहे. मिक्सर थांबो, मोटार थांबो, मोबाइल थांबो, मी आवाज चढवायच्या आत धाकटा पोरगा विचारतो, "बाबा, तुम्ही त काही दाबलं नाही ना?"